घरबदकांचे निशाण

क्रीयुनेस, ४ मे १९८३

प्रिय ताई,

नमस्कार. सोमवारी पहाटे मी नेहमीप्रमाणे स्तोत्र वाचले, लोकरी सदरा चढवला आणि चर्चमागच्या टेकडीवर जाऊन बसलो. वारा पडला होता. आपल्या बाजूचे बर्फ फुटून तळे मोकळे झाले आहे, त्यावर धुके होते. टोपी कानांवरून वर सरकवली, डोळे मिटले आणि बाबांनी शिकवले तसे आधी जवळचे, मग लांबचे, मग खडकांवरचे, असे ऐकत गेलो.

जवळ लव्हाळ्यात करडपाठ बदकांच्या माद्या होत्या. त्यांची ती 'कर्र, कर्र', ओले लाकूड फाडल्यासारखी. त्यांच्या मागे शेंडीवाली, तीही घोगरी. खोल पाण्यावर हावेल्लाचा थवा उतरला आहे. आपण लहानपणी गोठ्याच्या छपरावर बसून 'आ-आ-हावेल्ला' म्हणून त्यांना वेडावत असू, तू माझ्याहून चांगले वेडावायचीस. ती सगळी आली आहेत, देवाची कृपा.

पण खडकांच्या बिळांत घर करणारी आपली घरबदके आली नाहीत. म्हणजे लांब मोकळ्या पाण्यावर काळेपांढरे ठिपके दिसतात, ती तीच असणार. पण खडकांवरून त्यांच्या पंखांची शिट्टी येत नाही. कुरणावर तांबडडोक्या बदकांची शीळ नाही. नदीच्या तोंडाशी झोतबदके उंदरांसारखी चिंचिं करतात, तीही नाहीत. यंदा तळ्यावर चिलटांचे ढग विरळ आहेत. खायला नसेल तर बिचारी कशाला थांबतील?

तुला सांगायला नको, पण शेजारचा बेर्सी रोज विचारतो म्हणून पुन्हा लिहितो. घरबदकांची जोडपी बिळे शोधत खडकांवरून उडू लागली की मगच ती आतल्या पाण्यात दिवसभर बुड्या मारतात आणि जाळ्यांत अडकून मरतात. त्याआधी जाळी पाण्यातून काढली तर सहा घरांचे मासे हातचे जातात. म्हणून खडकांवरची शिट्टी ऐकू आल्याशिवाय आपल्या घराचे, क्रीयुनेसचे निशाण चढत नाही, आणि निशाण चढल्याशिवाय कोणी जाळे काढत नाही. पाण्यावर डोळ्यांनी पाहिलेले बदक पाहुणे, खडकांवर कानांनी ऐकलेले बदक घरचे, असे बाबा म्हणत. दुसऱ्याच्या सांगण्यावरून तर निशाण चढवायचेच नाही.

सोल्वेग अजून अकुरेरीत आमच्या लेकीकडे बाळंतपणाला आहे. बाळ गोड आहे म्हणे, पण रात्रभर जागवते. टेकडीवर एकट्याने बसायचा हा माझा तीन वर्षांतला पहिलाच वसंत. एरवी ती कॉफी घेऊन येते, शेजारी विणत बसते. बोलली तर एवढेच, 'आज खडक जागे झाले वाटतं.'

चर्चच्या पेटीचे वरचे सूर बसले आहेत. वाजवणाऱ्या बाईंना मी दुरुस्तीचे सांगितले, तर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आणि ताई, फोन करू नकोस. त्या तारेत नुसती खरखर असते. पत्र बरे.

तुझा,
आस्मुंदुर


इसाफ्योर्दुर, ९ मे १९८३

प्रिय आसी,

तुझं पत्र मिळालं. फोन करू नकोस म्हणे! टपालाच्या तिकिटांवर जगणारा तू या देशातला शेवटचा माणूस असशील. मागच्या महिन्यात मी फोन केला तेव्हा तारेत खरखर नव्हती. मी विचारलं, 'कोकरं किती झाली?' तू म्हणालास, 'हो, हो, छान.' मी विचारलं, 'जेवलास का?' तर म्हणालास, 'एक काळं आहे.' तेव्हा मी हसून सोडून दिलं.

इथं बंदरात एडर बदकं आली आहेत. माझ्या खिडकीखाली त्यांची सभा भरते. कुणाची तरी कुचाळकी ऐकल्यासारखे नर मान मागं टाकतात आणि 'अगोबाई' म्हणतात. खरंच तसंच म्हणतात. मासे कापायच्या शेडमध्ये आम्हा बायकांचंही तेच चालतं, त्यामुळं मला दिवसभर तेच संगीत.

आता एक काम सांगते, ते कर. मोठ्या बहिणीचा हुकूम समज. आपल्या चर्चच्या छपरावर दर वर्षी कस्तूर बसतो ना, आईला आवडायचा तो? यंदा तो काय गातोय, ते मला लिहून कळव. शीळ वर चढते की खाली उतरते? शेवटी ती किरकिर करतो की नाही? नीट ऐकून लिही.

जेवत जा. नुसता राय-धान्याचा पाव आणि धुरातला मासा म्हणजे जेवण नव्हे.

तुझी ताई,
हेर्दिस


क्रीयुनेस, १४ मे १९८३

प्रिय ताई,

तुझे पत्र बुधवारी आले. कस्तुराचे विचारलेस. तोही यंदा आला नसावा. दोन दिवस मुद्दाम कान देऊन बसलो. हे वर्षच मुके आहे. कोकरे मात्र ठीक आहेत, दोन जुळी झाली. तू म्हणतेस ते काळे खरोखरच आहे.

काल बेर्सी आला होता. मी गोठ्यात होतो. त्याने पोत्यातून एक घरबदकाची मादी काढून माझ्यासमोर चाऱ्यावर ठेवली. जाळ्यात बुडून मेलेली.

"हे घे," तो म्हणाला. "तुझा पाहुणा."

"कुठल्या जाळ्यात?"

"आतल्या. पार लव्हाळ्याच्या कडेला."

"एका बदकावर निशाण चढत नाही, बेर्सी."

"मग कितींवर चढतं? सांग, तेवढी आणून टाकतो."

तो पुन्हा म्हणाला, "दाढी करताना मला शिट्ट्या ऐकू येतात, आस्मुंदुर. खिडकी बंद असताना."

"येत असतील. पाण्यावरच्या असतील. पाण्यावरची आणि खडकांवरची, यातला फरक तुझ्या कानाला कधी कळला? तुला वाटतंय तर तुझी जाळी काढ की."

"मी एकट्यानं काढली तर संध्याकाळच्या आत बाकीचे माझ्या जागी आपली टाकतील. ते तुला ठाऊक आहे. निशाण तुझं आहे."

"म्हणूनच ते ऐकल्याशिवाय चढणार नाही."

तो पोते तिथेच टाकून गेला. मी त्याला थोडे लागेल असे बोललो, हे मला कळते. पण ताई, उद्या मी बेर्सीच्या कानावर निशाण चढवले तर परवा पलीकडच्या घरातल्या फिन्बोगी आजोबांच्या गुडघेदुखीवर चढवावे लागेल. सहा घरे क्रीयुनेसच्या शब्दावर विसंबतात ती आपण वाकत नाही म्हणून. बाबा एका वर्षी जूनपर्यंत थांबले होते आणि बरोबर ठरले होते. मीही थांबेन. रोज पहाटे जाईन, धुके असो वा गारा. ऐकू आले की त्याच क्षणी चढवेन, एक घास न खाता.

प्रार्थनेत बसतो तेव्हा बरे वाटते. तिथे ऐकण्याचे काम माझे नसते.

तुझा,
आस्मुंदुर


इसाफ्योर्दुर, १७ मे १९८३

आसी,

बस, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्ये उठून गोठ्यात जाऊ नकोस.

तुझी दोन्ही पत्रं मी समोर ठेवली आहेत. तुझ्या तळ्यावर कोण आलंय? करडपाठ, शेंडीवाली, हावेल्ला. सगळी घोगरी, जाड गळ्याची. कोण आलं नाही? घरबदकांची शिट्टी, तांबडडोक्यांची शीळ, झोतबदकांची चिंचिं, छपरावरचा कस्तूर. सगळे बारीक आवाजाचे. आणि त्याच वर्षी चर्चच्या पेटीचे फक्त वरचेच सूर बसले, आणि टेलिफोनची तार बिघडली. देवानं एका माणसासाठी एवढी मोडतोड एकदम केली असं तुला वाटतं का?

तळं मुकं झालेलं नाही, बाळा. तुझे कान गेलेत. वरच्या सुरांच्या बाजूनं गेलेत.

काल मी अकुरेरीला फोन करून सोल्वेगशी बोलले. आधी ती 'कुठं काय' करत राहिली. मग रडली. तीन वर्षांपासून तिला माहीत आहे. ती पहाटे कॉफी घेऊन टेकडीवर येते ती तुला कॉफी पाजायला नव्हे. खडकांवरून शिट्टी आली की ती म्हणते, 'आज खडक जागे झाले वाटतं,' आणि तू मान हलवतोस, कारण तुला वाटतं की तुलाही आत्ताच ऐकू आलं. तुझ्या मनाला लागू नये म्हणून तिनं हे केलं. यंदा बाळ आलं आणि ती नेमकी नाही. तिला तिथं झोप लागत नाही, तुला काय लिहावं ते सुचत नाही.

आता दुसरं, आणि हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. तू बाबांचा नियम सांगतोस. बाबांचे कान त्यांच्या पन्नाशीत गेले. आपल्या घराण्यातच आहे ते. तू तेव्हा झोपाळू पोरगा होतास, सकाळी सातपर्यंत घोरायचास. बाबांच्या शेजारी टेकडीवर मी बसायचे. शिट्टी आली की मी त्यांची बाही ओढायचे आणि ते उठायचे. मी लग्न करून इकडं आले तेव्हा आई जाऊन बसू लागली. आपल्या बापानं शेवटचे सगळे वसंत माझ्या आणि मग आईच्या कानांवर निशाण चढवलं, आणि जेवताना आम्हाला ऐकवलं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून चढवायचं नाही म्हणून. आई मान खाली घालून सूप वाढायची. ती जूनपर्यंत थांबल्याची गोष्ट सांगतोस ना? तो थांबा आईचा होता.

म्हणजे क्रीयुनेसच्या पुरुषांचे कान गाव ज्यांना म्हणतं, ते बरीच वर्षं क्रीयुनेसच्या बायकांचेच आहेत.

आता काय करायचं ते तू ठरव. सोपं हवं असेल तर आज कुठलीतरी सबब सांगून निशाण चढव. बुधवारी, पंचवीसला, सोल्वेग येईल, पुढच्या वर्षी पुन्हा शेजारी बसेल, कुणाला काही कळणार नाही. मी कुणाला सांगणार नाही, तीही सांगणार नाही. अख्ख्या आइसलंडात तुझ्याइतका हट्टी माणूस नाही, हे मला ठाऊक आहे. तो हट्ट कुठं लावायचा, तेवढंच बघ.

पण निशाण आधी चढव. बदकं वाट बघत नाहीत.

तुझी ताई


क्रीयुनेस, २७ मे १९८३

प्रिय ताई,

तुझे पत्र शुक्रवारी दुपारी आले. वाचून मी ते पावाच्या डब्याखाली ठेवले आणि तू नको म्हणाली होतीस तरी गोठ्यात गेलो. मला राग आला होता. तुझा आला, सोल्वेगचा आला, बाबांचाही आला. संध्याकाळपर्यंत शेण काढत राहिलो.

शनिवारी पहाटे टेकडीवर गेलो, पण बसलो नाही. चर्चच्या बाजूने खाली उतरून छपराकडे पाहिले. कस्तूर तिथेच होता. इतका जवळ, की त्याच्या पंखांखालची तांबूस पट्टी दिसत होती. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. मी टोपी काढली, श्वास धरला. माझ्यापर्यंत काहीच पोचले नाही. लव्हाळ्यातली कर्र-कर्र मात्र स्वच्छ येत होती.

देवाकडे मी त्या वेळी काही मागितले नाही. मागण्यासारखे होते, पण वेळ नव्हता. नावेच्या खोपटातून निशाण आणले आणि चढवले.

बेर्सी त्याच्या अंगणातूनच धावत आला.

"ऐकलंस?"

"नाही."

"मग?"

"ताईच्या पत्रात वाचलं."

त्याने माझ्याकडे पाहिले, निशाणाकडे पाहिले, आणि एवढेच म्हणाला, "चल, नाव ढकलायला हात लाव."

दुपारपर्यंत सहाही घरांची जाळी बाहेर आली. त्यांत बुडालेली घरबदके होती. किती, ते लिहीत नाही. आणि मागच्या पत्रात मी एक लिहिले नव्हते, ते लिहितो. बेर्सीने आणलेली मादी मी सोलली तेव्हा तिच्या पोटात कवच धरलेले हिरवट अंडे होते. म्हणजे तिला खडकांत बीळ सापडले होते. ते पाहूनसुद्धा मी दुसऱ्या दिवशी तुला तसे ताठ पत्र लिहिले.

तू सांगितलेला सोपा रस्ता मी शनिवारभर मनात घोळवला. खरे सांगतो, मला तो आवडला होता. निशाण चढले होते, कोणी काही विचारत नव्हते. पण सोल्वेग पुढच्या वर्षी आजारी पडली तर? लेकीला दुसरे बाळ झाले तर? माझी लाज राखायला दर वर्षी एका बाईने टेकडीवर चोरासारखे ऐकायचे आणि ती नसली की बदकांनी मरायचे, हे देवासमोर उभे राहून मला म्हणता येईना.

रविवारी पेंटेकॉस्टची उपासना होती, सगळी घरे आली होती. उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कॉफी होते, तेव्हा मी त्यांना थांबवले आणि सांगितले. माझे कान गेले आहेत. घरबदके कित्येक दिवस खडकांवर होती. मेली ती माझ्यामुळे. आजपासून मी क्रीयुनेसचा ऐकणारा नाही.

फिन्बोगी आजोबांनी काठी आपटली. "मग ऐकणं बेर्सीच्या घरी जाऊ दे. क्रीयुनेसला मुलगा नाही."

"बेर्सीला पाण्यावरचं आणि खडकांवरचं कळत नाही," मी म्हणालो.

"हे मात्र खरं आहे," बेर्सी म्हणाला. "मला फक्त माझ्या खिडकीवरचं कळतं."

"ऐकेल सोल्वेग," मी म्हणालो.

"बाईमाणूस? आणि तेही समुद्राकडचं?" आजोबा म्हणाले. "तिला कॉड माशाचं विचार. बदकांचं काय कळणार तिला?"

"आजोबा, गेल्या तीन वसंतांत निशाण लवकर चढलं किंवा उशिरा चढलं, असं एकदा तरी झालं?"

"नाही. म्हणूनच म्हणतो, तुझे कान..."

"ते कान तिचे होते. चूक यंदाच झाली. ती इथं नसताना."

बेर्सीची बायको कॉफी ओतत होती, ती किटली खाली न ठेवताच म्हणाली, "आजोबा, तुमच्या घरचं हवामान तरी कुणाच्या सांगण्यावर चालतं? आजी छत्री घ्या म्हणाली की तुम्ही आभाळाकडे न बघता घेता." सगळे हसले. आजोबांनाही हसावे लागले. मग ते म्हणाले, "एक वर्ष बघू." त्यांच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळ.

पेटी वाजवणाऱ्या बाईंची मी क्षमा मागितली. पेटी उत्तम आहे, असे त्यांनी मोठ्याने सांगितले.

बुधवारी बसथांब्यावर सोल्वेगला घ्यायला गेलो. माझे सांगणे ऐकून ती आनंदेल असे मला वाटले होते. ती चिडली. सामान खाली ठेवून रस्त्यातच उभी राहिली.

"सगळ्या गावासमोर माझं नाव घेतलंस. मला विचारलंस?"

"तू नव्हतीस."

"टपाल होतं. तुला तर टपालाचं फार प्रेम. आता दर वर्षी पहाटे तीनला मी उठायचं?"

"उठतच होतीस की."

"ते तुझ्यासाठी उठत होते, आस्मुंदुर. गावासाठी नाही. मी बोलले आणि चुकले तर ते तुझ्या नावावर जायचं. आता माझ्या नावावर जाईल."

याचा मी विचारच केला नव्हता. तिचे सामान उचलून मी घरापर्यंत मागे चालत राहिलो. बाळाच्या गोष्टी तिने दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितल्या, तेव्हा मला कळले की राग उतरू लागला आहे. मी म्हणालो, नको असेल तर आजोबांना तसे सांगतो, ऐकणे बेर्सीकडे जाऊ दे. तिने ताटात बघतच विचारले, "बेर्सीकडे? त्याला हंस आणि घरबदक यातला फरक कळतो का?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "दोन गोष्टी. तू अकुरेरीच्या डॉक्टरकडे जायचंस, कोकरं उरकली की लगेच. आणि मी वर असताना तू वर यायचं नाहीस. तू शेजारी बसलास की माझं लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे जातं. इतकी वर्षं तेच करत होते."

मी कबूल झालो. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. फोन बेर्सीने लावून दिला.

तुला ठाऊक आहे, निशाण चढले तरी काम संपत नाही. कुठल्या खाचेत माद्या बसल्या, कुठल्या रिकाम्या, हे रोज पहाटे ऐकून ठेवायचे असते. त्यावरच यंदा कुठले पाणी किती दिवस बंद राहील ते ठरेल. आमच्या वाट्याच्या खडकांतून दर वर्षी खायला अंडी काढतो, यंदा एकही काढणार नाही, हे दोघांनी मिळून ठरवले.

आज पहाटे ती उठली तेव्हा मीही जागा होतो. अठरा वर्षे या वेळी माझे पाय आपोआप बुटांत गेले आहेत. ती लोकरी शाल गुंडाळत होती. मी उठून निशाणाच्या खोपटाची किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, दार ओढले आणि गेली.

मी टेकडीवर गेलो नाही. स्तोत्र वाचले, मग मेंढ्यांना चारा घातला.

तुझा,
आस्मुंदुर